लंडनमध्ये आई-बाबांना जेवायला कुठे न्यावं?

शेवग्याची_शेंग (१४ एप्रिल, रात्री ९.४०)

नमस्कार मंडळी. लंडनला येऊन चार महिने झाले, राहते वॉल्थमस्टोला. मेच्या दुसऱ्या आठवड्यात आई-बाबा सांगलीहून तीन आठवड्यांसाठी येतायत. दोघांचीही परदेशात यायची पहिलीच वेळ. घरी मी रोज करणारच आहे, पण बाबांना बाहेर जेवायची भारी हौस. गावात नवीन खानावळ निघाली की पहिल्या आठवड्यात ते जाऊन येणार, मालकाशी गप्पा मारणार, भाकरी कोण थापतं ते विचारून घेणार. आई शाकाहारी. फोडणी आत्ताची आहे की सकाळची, हे तिला पहिल्या घासाला कळतं.

अडचण अशी की मला इथे अजून एकही जागा मनासारखी सापडलेली नाही. फोनवर ‘इंडियन रेस्टॉरंट’ टाकलं की नकाशाभर लाल टिंबं उमटतात आणि सगळ्यांना साडेचारच्या वर तारे. गेल्या महिन्यात अशाच एका ठिकाणी मैत्रिणीबरोबर गेले. पनीर मखनी बासुंदीइतकी गोड, डाळीत जिऱ्याचा पत्ता नाही, आणि तीन वेगळ्या भाज्या मागवल्या तर तिन्हींचा रस्सा एकच. अठ्ठेचाळीस पौंड देऊन घरी आले आणि कुकर लावला.

एवढ्या मोठ्या शहरात चांगलं भारतीय जेवण तुम्ही शोधता कसं? नावं तर सांगाच, पण कसं ओळखता तेही सांगा.

नॉर्दर्नलाइन (१४ एप्रिल, रात्री १०.१५)

सगळ्यात आधी ‘इंडियन’ हा शब्द टाकून शोधणं बंद करा. सांगलीत आपण ‘भारतीय जेवण कुठे मिळेल’ असं विचारतो का? इथेही कुणाच्या हातचं हवंय ते आधी ठरवायचं आणि ती माणसं ज्या भागात राहतात तिथे जायचं. पंजाबी हवं तर साउथॉल. गुजराती हवं तर वेंबलीचा ईलिंग रोड. तमिळ-मल्याळी हवं तर ईस्ट हॅम नाहीतर आमचं टूटिंग.

मी अकरा वर्षं टूटिंगला आहे. इथलं श्री कृष्णा १९७३ पासून सुरू आहे, केरळी जेवण. पाच-दहा मिनिटं चाललात की श्रीलंकन तमिळांची दुकानं लागतात, संध्याकाळी तव्यावर कोत्तू रोटी तोडायचा खणखणाट बाहेर रस्त्यापर्यंत येतो. पहिल्या वर्षी मी तो आवाज ऐकूनच आत शिरलो होतो, पाटी वाचलीही नव्हती.

तिखटजाळ (१४ एप्रिल, रात्री १०.२२)

ब्रिक लेनला चुकूनही जाऊ नका. दारात उभं राहून ओढून नेतात, वीस टक्के सूट म्हणतात आणि आत सगळा बनावट माल. अनुभवाचे बोल.

पेणचा_बाप्पा (१४ एप्रिल, रात्री १०.३१)

धागा वाचनखुणांत साठवला. माझेही सासू-सासरे जूनमध्ये येतायत.

कढईकर (१५ एप्रिल, पहाटे १.०५)

तिखटजाळ, थोडं थांबा. बनावट हा शब्द मला लागला, म्हणून एवढ्या रात्री लिहितोय.

मी शिकायला आलो तेव्हा दोन वर्षं एका करी हाउसच्या स्वयंपाकघरात काम केलं. मालक सिल्हेटचे, आचारी सिल्हेटचे. या देशात ‘इंडियन’ पाटी लावलेल्या जागांपैकी बहुतेक बांगलादेशी, त्यातही सिल्हेटी माणसांनी उभ्या केल्या. त्यांचे आजे-पणजे ब्रिटिश जहाजांवर खलाशी म्हणून आले, बंदरात उतरले, आणि पुढच्या पिढ्यांनी गोऱ्या गिऱ्हाइकाला झेपेल असं जेवण बसवलं. ते जेवण भारतातलं नाही हे खरं, पण ती लबाडीही नाही. तो इथेच जन्मलेला एक वेगळा स्वयंपाक आहे.

शेंगताई, तुमच्या तिन्ही भाज्यांचा रस्सा एक का होता तेही सांगतो. सकाळी दहाला आम्ही पोतंभर कांदा सोलायला बसायचो. तो कांदा, थोडं गाजर, ढोबळी मिरची, आलं-लसूण, हळद आणि भरपूर तेल असं सगळं मोठ्या टोपात दोन-तीन तास शिजवायचं आणि दांड्याच्या मशीनने गुळगुळीत करायचं. ही मूळ ग्रेव्ही. संध्याकाळी ऑर्डर आली की पॅनमध्ये तेल, लसूण, मसाला, टोमॅटोची पेस्ट, वर दोन पळ्या ग्रेव्ही. साय आणि नारळ घातला की कोरमा, तिखट आणि लिंबू वाढवलं की मद्रास, आणखी तिखट आणि बटाटा घातला की विंदालू, डाळ घातली की धनसाक. पाच मिनिटांत ताट बाहेर. शुक्रवारी रात्री शंभर माणसं जेवायला असली की दुसरा इलाजच नसतो.

पण रात्री साडेअकराला गिऱ्हाईक गेल्यावर आचारी स्वतःसाठी जे रांधायचे ते त्या मेनू कार्डावर कधीच नव्हतं. बोआल माशाचं कालवण, सुकटीची चटणी, शातकोरा नावाचं जाड सालीचं लिंबू घातलेलं मटण. तो वास अजून नाकात आहे. ब्रिक लेन आणि व्हाइटचॅपेलच्या आसपास जिथे सिल्हेटी माणसं स्वतः जेवतात तिथे हे मिळतं. तिथे सूट देणारा माणूस दारात उभा नसतो.

तिखटजाळ (१५ एप्रिल, सकाळी ८.१०)

कढईकर, बनावट हा शब्द मागे घेतो. आचाऱ्यांच्या जेवणाबद्दल मला काहीच माहीत नव्हतं. शातकोरा घातलेलं मटण कुठे मिळेल ते विपुत (माझ्या विचारपूस पानावर) कळवा ना. नागपूरचा माणूस आहे, बाराशे किलोमीटर चालेन.

म्हापशेंकार (१५ एप्रिल, सकाळी ९.३०)

विंदालूचा विषय निघाला म्हणून मधे बोलतो. आमच्याकडे विंदालू म्हणजे डुकराचं मांस, व्हिनेगर आणि लसूण. नावच पोर्तुगीज ‘विन्या द आल्यु’वरून आलंय, त्यातला आल्यु म्हणजे लसूण. इथे ‘आलू’ ऐकून कुणीतरी बटाटा घातला आणि तो कायमचा बसला. शिवाय इथे विंदालू म्हणजे तिखटाची एक पायरी झाली, कोरमा खालची आणि विंदालू वरची. आमचं विंदालू आंबट आधी लागतं, तिखट नंतर, आणि दुसऱ्या दिवशी जास्त चांगलं लागतं.

मी स्विंडनला असतो. पोर्तुगीज पासपोर्टवर आलेले आमचे गोंयकार इथे खूप आहेत, काही साउथॉल-हाउन्स्लोला पण आहेत. खरं गोव्याचं जेवण हवं तर हॉटेल शोधू नका. फेस्ताच्या दिवशी मिस्सा झाल्यावर चर्चच्या हॉलमध्ये या. डिसेंबरात सांव फ्रान्सिस झेवियरचं फेस्त असतं तेव्हा सोरपोतेल, सान्नां, शाकुती, बेबिंक सगळं बायका घरून करून आणतात. रस्स्याचे शिंतोडे पडले तरी चालेल असा शर्ट घालून यायचं.

गार्गी_के (१५ एप्रिल, सकाळी ११.४५)

म्हापशेंकारांना शंभर टक्के अनुमोदन. आपल्याकडेही तसंच आहे. डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळाची स्वतःची वास्तू आहे, मंडळ १९३२ पासूनचं. गणपतीत तिथे जे जेवले तसं पुरणपोळीचं जेवण लंडनमधल्या एकाही हॉटेलात मिळालेलं नाही. आई-बाबा मेमध्ये येतायत म्हणजे गणपती हुकणार, पण मंडळाचे कार्यक्रम वर्षभर असतात, चौकशी करून ठेवा. जेवणासोबत त्यांना गप्पा मारायला त्यांच्या वयाची माणसं मिळतील. माझी आई तीन महिने राहिली तेव्हा तिला कशाची उणीव भासली असेल तर दुपारी चार वाजता दार वाजवणाऱ्या शेजारणीची.

बेकरीकोपरा (१५ एप्रिल, दुपारी १.२०)

मी थोडा वेगळा सूर लावते. सगळे लांबच्या उपनगरांची नावं देतायत, पण आई-बाबा तीन आठवडे रोज ईस्ट हॅम-वेंबली करणार आहेत का? ते ब्रिटिश म्युझियम बघणार, लंडन आय बघणार, पाय दुखणार, आणि भूक तिथेच लागणार. मध्यवर्ती भागातलंही सांगायला हवं.

मी डिशूमची बाजू घेणार. २०१० मध्ये कोव्हेंट गार्डनला पहिलं निघालं, आता बऱ्याच शाखा आहेत. मुंबईच्या इराणी हॉटेलांवर बेतलेलं. मी गिरगावची. माझे आजोबा रोज सकाळी इराण्याकडे ब्रून-मस्का खायचे, तिथल्या लाकडी खुर्च्या आणि संगमरवरी टेबलं मला पाठ आहेत. डिशूममध्ये पहिल्यांदा बसले तेव्हा डोळ्यांत पाणी आलं, खोटं सांगत नाही. काळी डाळ आणि चहा दोन्ही उत्तम.

नॉर्दर्नलाइन (१५ एप्रिल, दुपारी १.४८)

बेकरीकोपरा, डाळ चांगली आहे, मान्य. पण तिथली रांग! सांगलीहून आलेल्या माणसाला डाळ-रोटीसाठी फुटपाथवर तासभर उभं करायचं? आणि काकांनी किंमत रुपयांत मोजली की पुढचे दोन दिवस ते घरीच जेवतील.

बेकरीकोपरा (१५ एप्रिल, दुपारी २.०५)

रांग संध्याकाळची. सकाळी नाश्त्याला नऊच्या आत जा, गेल्या गेल्या जागा मिळते. रुपयांत मोजायचं म्हटलं तर टूटिंगचा डोसाही महागच. आई-बाबांना एकदा तरी छान सजवलेल्या जागी बसवावं असं मुलीला वाटणारच ना.

शेवग्याची_शेंग (१५ एप्रिल, संध्याकाळी ६.३०)

बेकरीकोपरा, अगदी मनातलं बोललात. पहिल्या पगारात त्यांना कुठेतरी न्यायचंय हे मी धाग्यात लिहिलं नव्हतं.

अण्णा_डॉलिसहिल (१५ एप्रिल, रात्री ८.००)

तरुण मंडळींनी छान माहिती दिली आहे. मी १९७३ साली इथे आलो, तेव्हाचं थोडं सांगतो, कारण आजचं जेवण कुठून आलं ते त्यातून कळतं.

तेव्हा कोथिंबिरीची जुडी मिळवायला ऑफिस सुटल्यावर यूस्टन स्टेशनामागच्या ड्रमंड स्ट्रीटला जावं लागे. त्या एवढ्याशा गल्लीत मिठाईचं अंबाला १९६५ पासून होतं आणि पुढे भेळपुरीची दुकानं आली. दिवाना भेळपुरी हाउसमध्ये मी आणि माझा खोलीतला जोडीदार दर शनिवारी जायचो. बाहेर बर्फ आणि आत शेवपुरी. जोडीदार पार्ल्याचा होता, पहिला घास घेऊन तो पाच मिनिटं बोलला नव्हता. म्युझियम बघून झालं की तिथून ड्रमंड स्ट्रीट वीस मिनिटांच्या चालीवर आहे. शेंगताईंनी आई-बाबांना तिथे जरूर न्यावं. दिवानात सगळं शाकाहारी आहे.

आता वेंबलीचं. १९७२ च्या ऑगस्टमध्ये इदी अमीनने युगांडातल्या आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला सांगितलं. आमच्या ऑफिसात एक पटेल आले, कंपालात त्यांचा मोठा व्यवसाय होता, इथे आमच्याबरोबर कारकून म्हणून बसले. त्यांच्या पत्नीने घरून डबे द्यायला सुरुवात केली. त्या डब्यात मी पहिल्यांदा तळलेला मोगो खाल्ला. हा आफ्रिकेत खूप खाल्ला जाणारा कंद, वर तिखट-मीठ आणि लिंबू. आज ईलिंग रोडवर प्रत्येक दुकानात मोगो मिळतो तो अशा घरांमधून आला. साउथॉलच्या ब्रिलियंटचं मूळही नैरोबीत आहे, इथे ते १९७५ मध्ये सुरू झालं. म्हणून मी सगळ्यांना सांगतो, नुसतं पंजाबी की गुजराती एवढं बघू नका, ती माणसं कुठून कुठून फिरून इथे आली तेही बघा. ताटात ते दिसतं.

आणि इंडिया क्लब. स्ट्रँडवर, अरुंद जिना चढून वर. १९५१ पासून होता. डोसा, सांबार, कॉफी. आमच्या लग्नाचा पहिला वाढदिवस आम्ही तिथे केला. १७ सप्टेंबर २०२३ ला तो बंद झाला. शेवटच्या आठवड्यात मी सौंना घेऊन गेलो होतो. जिना चढायला दहा मिनिटं लागली. रांग खाली रस्त्यावर गेली होती, पण आमची वयं बघून मुलांनी वाट दिली. टेबल तेच होतं की नाही आठवत नाही, खिडकी तीच होती.

गार्गी_के (१५ एप्रिल, रात्री ८.२५)

अण्णा _/\_

रस्सामंडळ (१५ एप्रिल, रात्री ८.४०)

अण्णा, तुमच्याकडून वेगळा धागा यायलाच पाहिजे. ‘लंडन १९७३’. सगळे मागे लागा रे.

बाकी मी कोल्हापूरचा, सहा वर्षं हॅरोला. तांबडा-पांढरा कुठे मिळत असेल तर मला रात्री दोनला पण उठवा.

ईस्टहॅमची_सून (१६ एप्रिल, सकाळी १०.००)

कसं ओळखायचं या मूळ प्रश्नाकडे येते. नवरा तमिळ, सासर ईस्ट हॅमला, त्यामुळे इथल्या हाय स्ट्रीट नॉर्थवरचं जवळपास प्रत्येक दार उघडून झालंय.

माझी पहिली खूण म्हणजे कार्ड. ज्या जागी बिर्याणी, मंचुरियन, डोसा, बटर चिकन आणि पिझ्झा एकाच कार्डावर आहे तिथे मी पाणीही पीत नाही. दुसरी, वेळ. इडली सकाळी मागवायची, रात्री नाही. तिसरी, आणि ही सासूबाईंनी शिकवली, चटणीला हात लावून बघायचा. खोबऱ्याची चटणी गार लागली तर ती फ्रिजमधून आली, मग सांबारही कालचं असू शकतं. सासूबाई डोसा यायच्या आधी चटणी मागवतात आणि त्यावर बसायचं की उठायचं ते ठरवतात. मला सुरुवातीला भयंकर संकोच वाटायचा, आता मीही तेच करते.

चौथी, आत कोण बसलंय. रविवारी दुपारी देवळातून बाहेर पडलेली कुटुंबं जिथे जातात तिथे जायचं. आमच्या रस्त्यावर महालक्ष्मीचं देऊळ आहे. दर्शन घेऊन लोक कुणीकडे वळतात ते बघत मागे मागे जा, नकाशा लागत नाही. नावच हवं असेल तर सरवणा भवन आहे, काकूंना सगळं शाकाहारी म्हणून निर्धास्त जेवता येईल. केरळी मासे हवे असतील तर तट्टुकडा.

शेंगताई, वॉल्थमस्टोहून तुम्हाला सोपं आहे. वॉल्थमस्टो सेंट्रलहून ५८ नंबरची बस थेट ईस्ट हॅमला येते. वाटेत अप्टन पार्कला ग्रीन स्ट्रीट लागतो, तिथे विजय्ज चावाला आहे, गुजराती शाकाहारी. ट्यूबने आलात तर त्यांना वाटेतलं काहीच दिसणार नाही. बसने या, वरच्या मजल्यावर पुढच्या सीटवर बसवा.

तिखटजाळ (१६ एप्रिल, सकाळी १०.३५)

आत आपले लोक बसलेत म्हणून जेवण चांगलं, हे मला पटत नाही. हॉस्टेलशेजारी एक जागा आहे, कायम भारतीय विद्यार्थ्यांनी भरलेली. कारण एकच, स्वस्त आणि रात्री एकपर्यंत उघडी. आम्हीच भरलेलो असतो आणि आम्हीच नावं ठेवतो.

ईस्टहॅमची_सून (१६ एप्रिल, सकाळी १०.५०)

बरोबर. म्हणून आज्या कुठे बसल्यात ते बघायचं. विद्यार्थी नाही.

पेणचा_बाप्पा (१६ एप्रिल, सकाळी ११.१५)

‘आज्या कुठे बसल्यात ते बघा’. हे लिहून फ्रिजवर लावतोय.

हिशोबनीस (१६ एप्रिल, दुपारी १२.४०)

दोन कामाच्या गोष्टी, चवीशी संबंध नसलेल्या.

दारावर हिरवा-काळा स्टिकर असतो, त्यावर ० ते ५ आकडा. तो स्वच्छतेचा, पालिकेचे निरीक्षक येऊन देतात. वेल्समध्ये तो लावणं सक्तीचं आहे, इंग्लंडमध्ये नाही. म्हणून स्टिकर दिसला नाही तर फूड स्टँडर्ड्स एजन्सीच्या संकेतस्थळावर नाव टाकून बघायचं, तिथे सगळ्यांचे आकडे असतात. वयस्कर माणसं बरोबर असतील तर मी चारच्या खाली जात नाही. पाच आहे म्हणून चव चांगली असं मात्र समजू नका.

दुसरं, बिलात साडेबारा टक्के सर्व्हिस चार्ज लावलेला असतो. बहुतेक ठिकाणी तो ऐच्छिक असतो, तसं बिलावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, नको असेल तर काढायला सांगता येतो. पण १ ऑक्टोबर २०२४ पासून कायदा झालाय, हे पैसे पूर्णपणे कामगारांना द्यावे लागतात, मालकाला त्यातलं काही ठेवता येत नाही. त्यामुळे जेवण बरं असेल तर मी आता कुरकुर न करता देतो.

कढईकर (१६ एप्रिल, दुपारी १.१०)

हिशोबनीस, दुसऱ्या मुद्द्यासाठी मनापासून आभार. आमच्या वेळी टिपेचा डबा मालकाच्या टेबलाखाली असायचा. त्यातलं मला दोन वर्षांत काय मिळालं ते न सांगितलेलं बरं.

सोलापुरी_चादर (१६ एप्रिल, दुपारी २.००)

अवांतर: मे म्हणजे आंब्याचा महिना. ईलिंग रोड आणि साउथॉलला फुटपाथवर हापूसच्या पेट्यांची चळत लागते. एकदम घेऊ नका, एक पेटी उघडून वास घ्यायला सांगा, दुकानदार नाही म्हणत नाहीत.

अण्णा_डॉलिसहिल (१६ एप्रिल, दुपारी २.२०)

२०१४ च्या मेमध्ये युरोपियन युनियनने फळमाशीच्या कारणाने हापूस बंद केला होता, तेव्हा आमच्या गल्लीत सुतक होतं. २०१५ च्या जानेवारीत बंदी उठली. त्या वर्षी पहिली पेटी आली तेव्हा दुकानदाराने ओळखीच्या गिऱ्हाइकांना फोन केले होते.

रस्सामंडळ (१६ एप्रिल, दुपारी २.३२)

आंब्यावर गाडी गेली की परत येत नाही. देवगड की रत्नागिरी कुणी विचारायच्या आत सांगतो, हाउन्स्लोला श्री कृष्ण वडापाव आहे. मुंबईच्या दोन मित्रांनी २०१० मध्ये सुरू केलेलं. वडापाव, मिसळ, दाबेली. पावसात भिजलेल्या शनिवारी मी हॅरोहून बस बदलत तिथे गेलोय. वड्याबरोबर तळलेली मिरची दिली की माणूस अर्धा बरा होतो. काकांना नाश्त्याला नक्की न्या.

म्हापशेंकार (१६ एप्रिल, दुपारी २.४५)

मानकुराद. एवढंच बोलतो आणि जातो.

रस्सामंडळ (१६ एप्रिल, दुपारी २.४६)

झालं!

*(आंब्यांवरचे पुढचे चौतीस प्रतिसाद वेगळ्या धाग्यात हलवले आहेत. — व्यवस्थापक)*

शेवग्याची_शेंग (२ जून, रात्री ११.२०)

धागा वर काढतेय. आई-बाबा काल परत गेले. आज घर एकदम रिकामं वाटतंय, म्हणून तुम्हा सगळ्यांना सविस्तर सांगायला बसले.

ईस्ट हॅमला तीनदा गेलो. ५८ नंबर, वरचा मजला, पुढची सीट. पहिल्या दिवशी आईने चटणीला बोट लावलं, माझ्याकडे बघून मान हलवली आणि पदर सावरून बसली. मी तिला सासूबाईंची युक्ती सांगितलीच नव्हती! तिने आपणहूनच केलं. सूनबाई, तुमच्या सासूबाईंना माझ्या आईचा नमस्कार सांगा.

बाबा दुसऱ्या फेरीपासून डोसा टाकणाऱ्या माणसाशी बोलायला लागले. तो मदुराईकडचा, बाबांना तमिळ येत नाही, त्याला मराठी येत नाही, दोघांचं हिंदी यथातथाच. तरी बाबांनी काढून घेतलं की पीठ रात्री हीटरजवळ ठेवावं लागतं, नाहीतर इथल्या थंडीत फुगत नाही, आणि हिवाळ्यात तो पिठाच्या डब्याला स्वतःचा जुना कोट गुंडाळतो. तिसऱ्या वेळी गेलो तेव्हा त्याने न सांगता बाबांचा डोसा जास्त कडक केला. बाबा म्हणाले, “बघ, ओळख झाली.” परवा बस स्टॉपवर जाताना त्यांनी मला विचारलं, पुढच्या हिवाळ्यात त्याला सांगलीहून एक चांगलं घोंगडं पाठवता येईल का.

डिशूमला सकाळी साडेआठला गेलो. बेकरीकोपरा, तुमचं म्हणणं खरं निघालं, जागा लगेच मिळाली. बिल मी आधीच बाजूला जाऊन भरलं. बाबांनी किती झाले ते विचारलं नाही, आईने विचारलं, मी सांगितलं नाही.

ड्रमंड स्ट्रीटलाही गेलो. आईने शेवपुरी खाताना अण्णांच्या जोडीदाराची गोष्ट मला दोनदा सांगायला लावली. अण्णा, तिला तुम्हाला भेटायचं होतं, तब्येत बरी नव्हती म्हणून मंडळात तुम्ही आला नाहीत असं कळलं. आता कसं आहे?

आणि आता वेंबली. ऑल्पर्टनला उतरून ईलिंग रोडने चालत गेलो, वाटेत सनातन मंदिर पाहिलं, त्यावरचं कोरीवकाम आई अर्धा तास बघत होती. मग साकोनीजमध्ये बसलो आणि मोगो मागवला. बाबांनी एक तुकडा तोडला, आतला पांढरा धागा ओढून बघितला, हुंगला. बाबा धान्याच्या व्यापारात होते, पंचवीस वर्षं त्यांच्याकडे सेलमहून साबुदाण्याची पोती यायची. म्हणाले, “अगं, हा साबुदाण्याचा कंद! हाच किसून, पाण्यात निवळून त्याचा साबुदाणा करतात.” आई हातातला तुकडा ताटलीत ठेवून म्हणाली, “मग हा उपासाला चालेल?”

तेव्हापासून आमच्याकडे हा वाद चालू आहे. बाबा म्हणतात साबुदाणा चालतो तर त्याचा कंद का नाही. आई म्हणते पंचांगात मोगो लिहिलेला नाही. विमानतळावर जातानाही हेच.

अण्णा_डॉलिसहिल (३ जून, सकाळी ७.१०)

तब्येत आता ठीक आहे, खोकला होता. पुढच्या वेळी आईंना घरीच घेऊन या, सौ. वाट बघतायत.

मोगोबद्दल: सौ. १९८० पासून एकादशीला उकडलेला मोगो करतात. साजूक तूप, जिरं, हिरवी मिरची, दाण्याचं कूट. आमच्याकडे तो चालतो.

ईस्टहॅमची_सून (३ जून, सकाळी ८.४५)

चालतो! केरळात त्याला कप्पा म्हणतात, मीही करते उपासाला. फक्त वेंबलीचा तो लसणाच्या सॉसमधला चालणार नाही.

रस्सामंडळ (३ जून, सकाळी ९.००)

लसूण काढून काय उरलं मग त्यात? मी आईंच्या बाजूने.

शेवग्याची_शेंग (३ जून, सकाळी ९.२०)

आत्ता आईला फोन केला, अण्णांचा प्रतिसाद वाचून दाखवला. म्हणाली, “कूट किती घालतात ते विचार.” अण्णा, काकूंना विचारून सांगाल? आणि कंद ताजा घ्यायचा की गोठवलेला?

अण्णा_डॉलिसहिल (३ जून, सकाळी ९.५५)

गोठवलेला घ्या, सोललेला असतो, कुठल्याही गुजराती दुकानात मिळतो. अर्ध्या किलोला पाऊण वाटी कूट. सौ. सांगतायत, मधली जाड शीर शिजल्यावर काढायची, आधी निघत नाही.